चाफ्याच्या खिळ्यावरचं गाठोडं

आमच्या इमारतीचं नाव 'पुष्पवाटिका'. इथं पूर्वी शेवंतीचा मळा होता. तो उपटून काढल्यावर बिल्डरला हे नाव सुचलं. रामकुंडापासून पायी पंधरा मिनिटांवर, पंचवटीच्या आतल्या बाजूला तीन मजले, आठ बिऱ्हाडं आणि फाटकापाशी एक जुना चाफा. तो तोडायला आलेल्या माणसांपुढं अंबूबाई खोडाला पाठ लावून दुपारभर बसली होती, म्हणून तेवढा राहिला.

मळा अंबूबाईचाच. चौऱ्याण्णव साली तिच्या नवऱ्यानं जमीन बिल्डरला दिली आणि बदल्यात तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मिळालं. नवरा पुढं दोन वर्षांत गेला. म्हणजे आम्ही सात बिऱ्हाडं तिच्या वाफ्यांवर राहायला आलो, आणि हळूहळू तिलाच इमारतीत कसं राहावं ते शिकवू लागलो. शिकवणाऱ्यांत सगळ्यांत पुढं मी होतो, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी.

नोकरी माझी पाटबंधारे खात्यातली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून पाण्याचा एक थेंब अडला नाही, पण थेंब अडवण्याविषयीची पत्रं मी हजारांनी लिहिली. 'सदर', 'उपरोक्त' आणि 'यास्तव' या तीन शब्दांवर माझा संसार उभा राहिला. घरीसुद्धा भाजीत मीठ कमी पडलं तर मी 'उपरोक्त भाजी' म्हणतो की काय, अशी माझ्या बायकोला, प्रतिभाला, धास्ती असे.

तरी एक गोष्ट माझ्या आयुष्यात पत्रव्यवहाराशिवाय चालली होती. अंबूबाईच्या भावाचा मखमलाबादला मळा आहे. त्याच्याकडून रोज पहाटे तिच्याकडं टोपलीभर फुलं येत. ती त्यांचे हार करून दुकानांना देई. त्यातली ओंजळभर फुलं ती माझ्या देवांसाठी काढून ठेवी. तिच्या गुडघ्यांना जिना सोसत नव्हता आणि मी दुसऱ्या मजल्यावर. म्हणून मीच चाफ्याच्या खोडावर एक खिळा ठोकला होता. पत्र्याच्या लहानशा डब्यात फुलं, त्याला जुन्या हिरव्या लुगड्याचा ओला तुकडा बांधलेला, आणि ते गाठोडं खिळ्याला. सकाळी दूध आणायला उतरलो की मी ते काढून घेई. आंघोळ झालेली नसे, म्हणून फुलांना हात न लावता नुसत्या गाठीला धरून वर न्यायचं, देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवायचं, आणि आंघोळ करून मग सोडायचं. नऊ वर्षं हा शिरस्ता चालला. त्याबद्दल मी तिला कधी आभाराचं पत्रसुद्धा दिलं नाही, यावरून ते नातं किती घरचं होतं ते कळावं.

मग दोन हजार तीनचा सिंहस्थ आला. नाशकात माणूस मावेना. 'पुष्पवाटिके'तल्या आठही घरांनी यात्रेकरू ठेवले. मी आमची गॅलरी इंदूरच्या एका कुटुंबाला दिली आणि तीन आठवडे आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात निजलो. याला मी 'यात्रेकरूंची सेवा' म्हणत असे. त्या सेवेतून आमच्याकडं नवा फ्रिज आला.

पर्वणी सरली आणि सगळ्यांची सेवा संपली. अंबूबाईची संपली नाही. तिनं बाहेरची खोली तशीच चालू ठेवली. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारी, दहाव्याला येणारी बाहेरगावची माणसं उपाध्ये तिच्याकडं पाठवू लागले. संध्याकाळच्या एस.टी.नं यायचं, रात्र काढायची, सकाळी विधी उरकून परतायचं. ती त्यांना भात-आमटी घाली. हार ओवता ओवता बाहेरच्या पायरीवर बसून ती काहीबाही म्हणे, ते वर गॅलरीत ऐकू येई:

पाहुणा माझा बाई, न्हाई त्याचा भार
त्याच्या पावलाच्या धुळीनं सारवलं दार

गळा गोड होता. पण मी सेक्रेटरी होतो, आणि दाराशी धूळ येते याची कबुलीच ती देत होती.

तक्रारी येऊ लागल्या. कठड्यावर परक्यांची ओली धोतरं वाळतात. जिन्यात मुंडण केलेली माणसं एकदम समोर येतात. वरच्या मजल्यावरचा महेश तरुण इंजिनीयर, बोलायला चोख. त्याचं म्हणणं असं की घर राहण्यासाठी आहे, लॉज चालवायला नव्हे, आणि रोज नवा अनोळखी माणूस फाटकातून आत येणार असेल तर आम्ही घरं घेतली कशाला. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यात मी आपली भर घातली की ही सगळी सुतकातली माणसं, त्यांचा विटाळ एकाच जिन्यानं आठ घरांना लागतो. फ्रिज त्या वेळी माझ्या मागंच घरघरत होता.

दिवाळीनंतर मी नोटिसा काढायला सुरुवात केली. निळ्या शाईनं, स्वच्छ अक्षरात. 'सदर सदस्यांनी बाहेरील व्यक्तींना मुक्कामास ठेवू नये.' 'कठड्यावर वस्त्रे वाळत घालू नयेत.' 'हरवलेल्या वस्तूंस सोसायटी जबाबदार नाही.' एक प्रत फळ्यावर, एक अंबूबाईच्या दारात. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद चांगला जाड असे. पाहुण्यांना वाटेत खायला दिलेला चिवडा माझ्या नोटिशीच्या पुडीतून जाताना मी दोनदा पाहिला.

शेवटी पौषात, सर्वसाधारण सभेपुढं ठेवायच्या ठरावाचा मसुदा घेऊन मी स्वतःच तिच्याकडं गेलो. ती पायरीवर गुलाब ओवत होती. मी ठराव वाचून दाखवला आणि एक प्रत पायरीवर ठेवली. तिनं सुई थांबवली नाही.

"म्हंजे मानसं ठेवायची नाय."

"भाड्यानं नाही ठेवायची, अंबूबाई. पाहुणे आले तर कोण नाही म्हणतंय?"

"मग मी काय खाऊ? हारांत आता काय ऱ्हायलंय? माजा ल्योक मयूर म्हनतो, घर इकून टाक आन् ओझरला ये. त्याची एक खोली. तिथं मातीची ओंजळ दिसत नाय खिडकीतनं." मग ती पहिल्यांदा वर पाहून म्हणाली, "भाऊ, जमीन गेली. चार भिंती ऱ्हायल्या. त्यात कोन निजंल, तेवढं तरी मला ठरवू द्या."

याला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हणालो की हा प्रश्न व्यक्तीचा नसून उपविधींचा आहे.

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. मी दुकानातून फुलं आणू लागलो. कागदाच्या पुडीतली, शिळ्या पाण्याचा वास येणारी. देवांनी तक्रार केली नाही. ते सोसायटीचे सदस्य नव्हते. पण रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना माझा एक हात उगीच रिकामा असे.

तो राग मी आणखी एका नोटिशीतून काढला. अस्थी घरात नेत नाहीत, बाहेर झाडाला टांगून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अंबूबाई आपल्या पाहुण्यांना मागच्या बाजूचा, टाकीजवळचा कडुनिंब दाखवी. मी लिहिलं, 'पाण्याच्या टाकीजवळील झाडास कोणतीही वस्तू टांगू नये.' फार समाधानाची नोटीस होती ती. वस्तू मग कुठं टांगावी, याचा विचार करणं सेक्रेटरीच्या कामात येत नव्हतं.

सभा फाल्गुनातल्या एका रविवारी ठरली. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, दूध आणायला उतरलो तर खिळ्याला गाठोडं.

तोच हिरवा तुकडा. तीच मारलेली गाठ. छाती भरून आली, आणि खोटं कशाला बोलू, त्यात निम्मा मायेचा भाग होता आणि निम्मा विजयाचा. उद्या सभा, आज फुलं. अंबूबाईनं माघार घेतली होती. आता मीही मोठ्या मनानं काहीतरी सवलत द्यावी, महिन्यातून दोन पाहुणे वगैरे, असा मसुदासुद्धा मनात सुरू झाला. गाठीला धरून उचललं तर गाठोडं नेहमीपेक्षा जड. मला वाटलं, दोन महिन्यांची मागची फुलं एकदम पाठवली असतील.

वर आलो. पाटावर ठेवलं. प्रतिभाला म्हणालो, "बघ, कायद्याचा मान राखते बाई शेवटी." प्रतिभा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली की कायद्यानं कधी कुणी फुलं दिल्याचं तिनं पाहिलेलं नाही. मी आंघोळीला गेलो आणि न्हाणीघरात बऱ्याच वर्षांनी गुणगुणलो.

अंगावर पंचा गुंडाळत होतो तेव्हा खाली गलका ऐकू आला. गॅलरीत जाऊन पाहिलं. चाफ्याखाली एक म्हातारा उभा होता, डोक्याला पांढरा फेटा, हात लोंबकळत सोडलेले. त्याची चाळिशीची मुलगी झाडाभोवती फिरत होती, वर पाहत होती, खाली पाहत होती. अंबूबाई दारात. ही माणसं सटाण्याकडची, आदल्या संध्याकाळी आलेली, एवढं मला माहीत होतं, कारण मी आल्यागेल्यांची नोंद ठेवत असे.

मी पंच्यानिशी कठड्यावर वाकून विचारलं की काय हरवलंय. आणि कुणी उत्तर द्यायच्या आत सांगून टाकलं की हरवलेल्या वस्तूंस सोसायटी जबाबदार नाही, तशी नोटीस फळ्यावर आहे.

मुलगी वर पाहून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मनी माय कोठे गयी?"

क्षणभर मला वाटलं, हिची आई, कुणी म्हातारी, चुकली असेल. मग माझी नजर तिच्या हाताकडं गेली. तिचा हात खिळ्यावर होता.

माणसाला एखादी गोष्ट कळायला किती वेळ लागतो ते माझ्या बाबतीत त्या दिवशी नक्की ठरलं. आधी पंचा गार लागला. मग मागच्या कडुनिंबाची नोटीस आठवली. मग गाठोड्याचं वजन. मग मी वळून देव्हाऱ्याकडं पाहिलं. दिवाळीपासून ज्या विटाळाच्या नावानं मी अख्खी इमारत जागी ठेवली होती, तो मी स्वतःच्या हातानं, आनंदानं, दुसऱ्या मजल्यावर आणून बाळकृष्णासमोर पाटावर बसवला होता. शेजारी निरांजन तयार होतं.

मी प्रतिभाला हाक मारली. तिनं पाटाकडं पाहिलं, खालचं रडणं ऐकलं, आणि तिला सगळं माझ्याआधी कळलं. कपाळाला हात लावून ती एवढंच म्हणाली, "आता खाली जाऊन नोटीस वाचून दाखवा." मग गॅलरीत जाऊन तिनं त्या माणसांना वर बोलावलं आणि चहाचं आधण ठेवलं.

म्हातारा आला, त्याचं नाव बहिरू. मुलगी मीना. आणि त्यांच्यामागून, कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत अंबूबाई आली. इतक्या वर्षांत ती माझ्या घरी प्रथमच येत होती. मी दारात उभा राहून काहीतरी बोलत होतो. 'नजरचुकीने' हा शब्द त्यात चारपाचदा आला असावा. बहिरूबाबानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो थेट देव्हाऱ्यापुढं जाऊन मांडी घालून बसला.

त्यानं घर पाहिलं. पंखा पाहिला, खिडकी पाहिली, देवांचे चकचकीत टाक पाहिले. मीनानं मग हळूच सांगितलं की आईला नाशिक पाहायचं होतं, बाबा दरसाल म्हणायचे की कांदे निघाले की जाऊ. कांदे निघायचे आणि गाडी लासलगावला जायची.

म्हाताऱ्यानं गाठोड्यावर हात ठेवला. "तिले पक्कं घर देखानं व्हतं," तो माझ्या देवांना सांगितल्यासारखा म्हणाला. "देखी लिधं."

प्रतिभानं चहा पुढं केला. मी पंचा सावरत भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, कारण सेक्रेटरीनं रडू नये असं उपविधींत कुठं नसलं तरी मला ते माहीत होतं.

अंबूबाई उंबऱ्यावरच बसली होती. पदर तोंडाला लावलेला. मला वाटलं, तीही रडतेय. जवळ गेलो तर तिचे खांदे हसण्यानं हलत होते. डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं कोण जाणे.

"त्यांचं फडकं फाटलं व्हतं, म्हनून माझं बांधून दिलं. तुम्हाला वाटलं, म्या फुलं टांगली?" तिनं हळू आवाजात विचारलं.

मी मान हलवली.

ती हसायची थांबली. "आन् उंद्या मिटिंग."

"हो."

ती उठली आणि कठड्याला धरून खाली गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांना उत्तर देता आलं असतं.

रामकुंडापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. फाटकाबाहेर पडल्यावर बहिरूबाबानं गाठोडं माझ्याकडं दिलं. मी ते सकाळी उचललं होतं तसंच, गाठीला धरून, उचललं. वाटेत मंडईत जाणाऱ्या हातगाड्या, रिक्षा, शाळेची पोरं. सगळ्यांना वाट देत मी एका अनोळखी बाईला तिचं नाशिक दाखवत चाललो होतो. घरी येऊन परत आंघोळ केली. प्रतिभानं देवांवर गोमूत्र शिंपडलं, मग माझ्यावर, मग कुणास ठाऊक का, फ्रिजवरही.

रविवारी सभा चाफ्याखालीच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. अंबूबाई तिच्या पायरीवर, मांडीवर फुलांचं सूप. ठरावाचा कागद माझ्या हातात, खाली सूचक म्हणून माझं नाव. मी वाचू लागलो. 'सदर सदस्य' पर्यंत आलो आणि पुढचं अक्षर लागेना. स्वतःचंच अक्षर.

महेश म्हणाला, पुढं वाचा काका.

मी म्हणालो, "त्याआधी एक निवेदन आहे. सुतकाच्या मुद्द्यासंबंधी. काल सकाळी सदर इमारतीतील एका घरात नजरचुकीने अस्थी नेण्यात आल्या. देवघरापर्यंत."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी विचारलं, कुणाच्या घरात. सगळ्यांच्या माना आपोआप अंबूबाईकडं वळल्या.

"माझ्या," मी म्हणालो. "म्हणजे उपरोक्त घर माझं."

"आणि नजरचुकीनं नाही," प्रतिभा मागून म्हणाली. "हौसेनं."

कुणालाच हसावं की नाही ते कळेना, म्हणून आधी दबकत आणि मग सगळेच हसले. महेशसुद्धा. मी बसण्याआधी सांगितलं की सूचक म्हणून मी नाव मागं घेतो. महेश गंभीर होऊन म्हणाला की काकांचं वैयक्तिक काय असेल ते असो, मुद्दा आहेच, दुसऱ्या कुणीतरी सूचक व्हावं. मी पेन पुढं केलं.

आता सोसायटीच्या सभेचा एक गुण सांगतो. ठराव सगळ्यांना हवा असतो. पण सूचकाचं नाव ठरावाखाली लिहावं लागतं, आणि तो कागद वर्षभर फळ्यावर, जाता येता दिसतो. पेन एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. एकानं चष्मा आणला नाही म्हणून सांगितलं. एक म्हणाला, घरी विचारून सांगतो. महेशकडं आलं तेव्हा त्यानं ते बराच वेळ धरलं. समोर पायरीवर अंबूबाई खाली मान घालून ओवत होती, एक शेवंती, एक पान, एक शेवंती. त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला की निदान धोतरं तरी कठड्यावर नकोत.

अंबूबाई म्हणाली, "मागं दोरी बांधीन."

तेवढ्यावर सभा संपली. झाडाच्या मागच्या अंगाला, फाटकातून दिसणार नाही असा दुसरा खिळा ठोकावा आणि तो सेक्रेटरींनी ठोकावा, असं ठरलं. इतिवृत्तात मी त्याला 'आवश्यक सुधारणा' म्हटलं.

आपण एवढा मोठेपणा दाखवला, आता उद्या फुलं येणार, अशी माझी समजूत. सोमवारी खिळा रिकामा. मंगळवारीही. मी दुधाला मुद्दाम उशिरा जाऊन पाहिलं, लवकर जाऊन पाहिलं. अंबूबाई दिसली की चौकशी करी, बोलणं नीट करी, फुलांचं नाव काढत नसे. मागच्या खिळ्याला मात्र दोन वेळा गाठोडं लागलं. मी दुरूनच हात जोडले.

पंधराव्या दिवशी, गुढीपाडव्याच्या सकाळी, पुढच्या खिळ्याला हिरवं गाठोडं होतं.

मी चार हात लांब थांबलो. पुढच्या बाजूला आहे, म्हणजे फुलंच. पण पाहुणा नवखा असला तर? मी पायरीकडं वळून विचारलं, "अंबूबाई, हे कोणाचं?"

ती सुईत दोरा ओवत होती. "हात लावून बगा की, भाऊ. आता कसली भीती?"

आंघोळ झाली नव्हती. नऊ वर्षांचा शिरस्ता होता. मी तिथंच चाफ्याखाली गाठ सोडली. डबा, आणि डब्यात पिवळी शेवंती, काठोकाठ. फुलं ओली राहावीत म्हणून तळाशी कागद घातला होता, जाड, घडी केलेला. माझा ठराव. पाण्यानं शाई पसरली होती आणि दोनचार पाकळ्यांवर निळी उमटली होती. एका फुलावर तर 'सदर' स्पष्ट दिसत होतं, फक्त उलटं.

वर नेऊन तेच आधी देवाला वाहिलं.